‘सवय होईल’ हे अर्धंच खरं: नर्सिंग शिकताना मनावर येणारा भार

बारावीचा निकाल लागून वर्षही झालेलं नसतं आणि नर्सिंग फाउंडेशनच्या पुस्तकात एक धडा समोर येतो: मृत्यूनंतर देहाची काळजी कशी घ्यायची. डोळे मिटवायचे, हनुवटी खाली पडू नये म्हणून पट्टी बांधायची, नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, ओळखीची चिठ्ठी बांधायची, अंगावरच्या दागिन्यांची नोंद करून नातेवाइकांची सही घ्यायची. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, त्यामुळे पायऱ्या तोंडपाठ होतात. पण ज्याच्यावर त्या करायच्या तो माणूस सकाळी आपल्याकडे पाणी मागत होता, याबद्दल पुस्तक काही बोलत नाही.

पुढे असे धडे वाढतच जातात. लेबर रूमच्या पोस्टिंगमध्ये पोटातच गेलेलं बाळ. मुलांच्या वॉर्डात रक्ताचा कर्करोग. जळीत वॉर्डात पूर्ण शुद्धीवर असलेली, पण वाचणार नाही हे सगळ्यांना कळलेली बाई, आणि तिचा मृत्युपूर्व जबाब घ्यायला आलेले अधिकारी. मानसोपचाराच्या पोस्टिंगमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांच्या हकिगती. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात तर बीएस्सी नर्सिंगच्या पाचव्या सत्रात फॉरेन्सिक नर्सिंग हा स्वतंत्र विषय आला. अत्याचार झालेल्या व्यक्तीची तपासणी, जखमांची नोंद, पुरावे जपून ठेवणं, हे सगळं त्यात शिकायचं असतं.

हे अंगावर येतं, असं कुणी बोलून दाखवलं की सिनिअर, ट्यूटर, इन्चार्ज सिस्टर आणि घरचे एकमुखानं सांगतात, ‘सवय होईल.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण कशाची सवय होते आणि कशाची होत नाही, हे वेगळं करून कुणी सांगत नाही, आणि सगळी गडबड तिथेच होते.

चक्कर येणं वेगळं, हलून जाणं वेगळं

सवय होते ती मुख्यतः शरीराला. जखमेच्या पुवाचा वास पहिल्या आठवड्यात जेवण नकोसं करतो, महिन्याभरानं तितका जाणवत नाही. पहिल्यांदा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उभं राहिल्यावर घाम फुटतो, कान गच्च होतात, भिंतीला टेकावं लागतं. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. रक्त किंवा जखम पाहिल्यावर काही जणांची नाडी आधी वाढते आणि मग व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावानं नाडी आणि रक्तदाब दोन्ही झपकन उतरतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली पडतो. उंचीची, कुत्र्याची किंवा तोंडी परीक्षेची भीती वाटते तेव्हा असं सहसा होत नाही, तिथे रक्तदाब चढतो. म्हणून ‘दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला इथे उलटा पडू शकतो.

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात यावर एक पद्धत बसवली. तिच्यात अंग सैल सोडायच्या ऐवजी ताणायचं असतं. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सोडायचे, वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा आवळायचे. असं पाच वेळा. रक्तदाब टिकून राहतो आणि चक्कर टळते. जोडीला काही साधी पथ्यं आहेत. होस्टेलचा नाश्ता कसाही असला तरी उपाशीपोटी ओटीत जायचं नाही. गुडघे ताठ करून एका जागी उभं राहायचं नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली तर सरळ खाली बसायचं. निर्जंतुक ट्रॉलीवर कोसळण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

एवढ्यापुरतं ‘सवय होईल’ बरोबर आहे. पण समजा एक मुलगी कित्येक आठवडे ड्रेसिंग करून सरावली आहे आणि एक दिवस पेशंटच्या लहान मुलानं ‘बाबा, घरी कधी जायचं?’ विचारल्यावर ती लिननच्या खोलीत जाऊन रडते. जखम कालचीच आहे, तिच्या हाताचं कसबही तेच आहे. फक्त आज त्या जखमेला एक घर जोडलं गेलं. कदाचित तिच्या स्वतःच्या वडिलांनाही तोच आजार असेल. असल्या गोष्टींची सवय होत नाही, आणि कुणाला झालीच तर ती काळजीची बाब आहे.

दहा नंबरच्या बेडवरचं लिव्हर

कशाचीही सवय करून घ्यायची असं सगळ्या रुग्णालयानंच ठरवलं तर काय होतं, याचा एक जुना आणि नावाजलेला अभ्यास आहे. इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक. वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयानं आपल्या अडचणी घेऊन त्यांना बोलावलं होतं. त्यांचं लेखन १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झालं. त्या रुग्णालयात सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट टाकून जात होत्या, आणि त्यातल्या बहुतेक स्वतःहून.

मेंझीसबाईंना दिसलं ते असं. परिचारिकेला कुठल्याच पेशंटच्या फार जवळ जाता येऊ नये, अशा रीतीनं काम बारीक बारीक तुकड्यांत वाटलेलं होतं. पेशंटचा उल्लेख नावानं होत नसे, ‘दहा नंबरच्या बेडवरचं लिव्हर’ असा होई. मुलींना एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात तडकाफडकी हलवलं जाई. ही सगळी व्यवस्था कुणी दुष्टपणानं केलेली नव्हती. दुःखाची, मरणाची, चुकीची भीती टाळण्यासाठी ती आपोआप घडत गेली होती. पण भीती काही तिनं गेली नाही. उलट भीतीला तोंड द्यायला शिकण्याची संधी मात्र गेली, आणि आपल्या हातांनी एक माणूस बरा झाला हे समाधानही गेलं. मला या अभ्यासातलं हे दुसरं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. मन बधिर केलं की दुःखाबरोबर समाधानही जाणवेनासं होतं.

आपल्या सरकारी रुग्णालयांत ‘सात नंबरचा हर्निया’ रोज ऐकू येतो. एक सिस्टर सगळ्यांचे बीपी घेते, दुसरी सगळ्यांची इंजेक्शनं देते. चाळीस-पन्नास पेशंट आणि दोन सिस्टर असतील तर दुसरं काय करणार? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. केस स्टडीसाठी त्यांना एक किंवा दोन पेशंट पूर्ण मिळतात. आख्ख्या नोकरीत पुन्हा क्वचित मिळणारी ही चैन आहे, आणि बहुतेक मुलं ती फाइलची पानं भरण्यात घालवतात.

‘आपलीच आई समजा’ हा सल्ला

आता मुद्द्याचं. बधिर व्हायचं नाही, मग काय रोज रडायचं? आपल्याकडे यावर एक ठरलेलं वाक्य आहे: पेशंटला आपली आई समजून, आपला बाप समजून सेवा करा. ऐकायला फार चांगलं वाटतं. पण मला ते शिकाऊ मुलांसाठी धोक्याचं वाटतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आईवडील गमावलेल्या एका तरुणीची मुलाखत विद्यार्थ्यांना ऐकवली. काहींना सांगितलं, तटस्थपणे ऐका. काहींना सांगितलं, तिला कसं वाटत असेल याचा विचार करत ऐका. आणि काहींना सांगितलं, तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला कसं वाटलं असतं याचा विचार करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही गटांना तिच्याविषयी कळवळा वाटला. पण तिसऱ्या गटाला त्याबरोबर स्वतःचाही त्रास झाला: अस्वस्थता, घालमेल. असा त्रास वाढला की माणसाला समोरच्याला मदत करण्यापेक्षा तिथून निघून जावंसं वाटू लागतं.

‘आपलीच आई समजा’ हा सल्ला मुलांना नेमका या तिसऱ्या गटात ढकलतो. कॅन्सर वॉर्डातल्या बाईच्या जागी स्वतःची आई दिसायला लागली की ती बाई नजरेआड होते. तिला आत्ता तोंड कोरडं पडलंय, कूस बदलायचीय, लघवीला जायचंय पण परक्या पुरुषासमोर सांगायला लाज वाटतेय, हे दिसत नाही. दिसते ती आपली भीती. मनात घोकायचा प्रश्न त्यामुळे ‘माझ्या आईला झालं असतं तर?’ हा नको. ‘या बाईला आत्ता काय होतंय, आणि त्यातलं माझ्या हातात काय आहे?’ हा हवा. उत्तर कधी कधी एवढंच असतं की उशी सरळ करणं.

लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर यांनी हेच दुसऱ्या बाजूनं तपासलं. लोकांना यातना सोसणाऱ्या माणसांच्या चित्रफिती दाखवल्या. आधी त्या यातना आपल्यात उतरवून घेण्याचा सराव करवला, तेव्हा त्यांना जास्त वाईट वाटू लागलं. मग त्याच लोकांकडून समोरच्याचं भलं चिंतण्याचा, त्याला आधार देण्याच्या भावनेचा सराव करवला, तेव्हा मनाला उभारी येऊ लागली. मेंदूतले सक्रिय भागही दोन वेळी वेगळे होते. म्हणजे दुसऱ्याचं दुःख स्वतःत ओतून घेणं आणि त्याच्यासाठी मन द्रवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीनं माणूस थकतो. दुसरी सरावानं शिकता येते.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात मोठं उदाहरण नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं, पण कायद्याच्या तासाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला. त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या, तोपर्यंत जवळपास ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पत्रकार-लेखिका पिंकी विरानी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ रोजी दिलेला निकाल निष्क्रिय दयामरणाच्या, म्हणजे जीव धरून ठेवणारे उपचार थांबवण्याच्या, संदर्भात शिकवला जातो. तो महत्त्वाचाच आहे. पण त्या खटल्यात पुढे आलेली एक गोष्ट नर्सिंगच्या मुलांनी खास लक्षात ठेवावी: इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या बाईला बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा, झाले नव्हते. त्या किती चिवट असतात आणि टाळायला दिवसरात्र किती वेळा कूस बदलावी लागते, हे ज्याला माहीत आहे त्याला यातलं काम समजेल. पिढ्या बदलल्या. ज्यांनी अरुणाताईंना चालताबोलताना कधी पाहिलंही नव्हतं, अशा मुलींनी ते केलं. चार दशकं रोज उमाळा येऊन कुणी रडू शकत नाही. कूस मात्र रोज बदलता येते.

हा धडा शिकवताना आणखी एक गोष्ट घडते. वर्गातल्या मुली कलम ऐकत नसतात. हल्ला एका परिचारिकेवर, रुग्णालयाच्याच आवारात झाला, हे ऐकत असतात. त्यांना नाइट ड्यूटीची भीती वाटली तर तिला हळवेपणा म्हणू नका. होस्टेलच्या वाटेवर दिवे आहेत का, चेंजिंग रूमला कडी आहे का, रात्री सोबत कोण असतं, ही त्या भीतीची उत्तरं आहेत. समुपदेशन हे तिचं उत्तर नव्हे.

धडा वाचताना

वॉर्डात निदान हात कामात असतात. पुस्तक वाचताना किंवा वर्गात स्लाइड पाहताना करायला काहीच नसतं, म्हणून कधी कधी तेच जास्त लागतं. बाललैंगिक अत्याचार, अर्भकमृत्यू, आत्महत्या हे विषय झोपण्यापूर्वी, एकट्यानं, अंथरुणात वाचू नका. दिवसा वाचा, शक्यतो कुणाबरोबर तरी. धड्याची सुरुवात ‘परिचारिकेची भूमिका’ या भागापासून करा आणि कारणं-लक्षणं नंतर वाचा. आपल्याला काय करता येतं हे आधी कळलं की बाकीचं वाचताना हतबल वाटत नाही. क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘अभ्यासासाठी’ म्हणून फिरणाऱ्या अपघातांच्या नि शवविच्छेदनाच्या क्लिप पाहू नका. त्यांनी ज्ञान वाढत नाही.

शिक्षकांनी ‘पुढचा भाग त्रासदायक आहे’ असा इशारा द्यावा का? सभ्यपणा म्हणून जरूर द्यावा. पण २०२३ मध्ये अशा इशाऱ्यांवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की नुसत्या इशाऱ्यानं होणारा त्रास कमी होत नाही, उलट वाट पाहतानाची धाकधूक थोडी वाढते. इशाऱ्याच्या पुढे जाऊन काय येणार आहे, किती वेळ चालणार आहे, आणि कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर काय करायचं, हे सांगितलं तर त्याचा उपयोग.

काहींसाठी पुस्तकातला धडा ही स्वतःची हकिगत असते. घरात आत्महत्या झालेली असते, लहानपणी कुणीतरी हात लावलेला असतो, गर्भपात झालेला असतो. अशांनी सगळं सांगायची गरज नाही. विश्वासाच्या ट्यूटरला एक वाक्य पुरतं: ‘मॅडम, हा विषय माझ्या घराशी जोडलेला आहे, मला या पोस्टिंगसाठी थोडा वेळ द्याल का?’ पुढे ढकलणं आणि टाळणं यात फरक आहे. तारीख ठरवून पुढे ढकललं तर ती तयारी होते. कायमचं टाळलं तर भीती घर करून बसते, आणि परीक्षाही टळत नाही ती वेगळीच.

जाता जाता क्यूबलर-रॉस यांच्या पाच अवस्थांबद्दल. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. १९६९ साली त्यांनी हे मांडलं ते मरणाच्या दारात असलेल्या माणसांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख मोजायला ही शिडी केलेली नव्हती, आणि ती क्रमानं चढावी असंही नाही. परीक्षेत पाचही लिहा. पण बिलाची चौकशी करणारा मुलगा पाहिला की ‘नकार’ असा शेरा मारू नका. त्याला खरंच बिल भरायचं असतं.

पहिला मृत्यू

पहिल्यांदा पेशंट जातो तेव्हा वॉर्डात फार वेळ नसतो. ‘एक्स्पायर झाला’ म्हणतात, पडदे ओढतात, कागद भरतात, नातेवाइकांची गर्दी होते, आणि तासा-दीड तासात त्याच बेडवर नवी चादर पडते. शिकाऊ मुलगा किंवा मुलगी कोपऱ्यात उभी असते. जमलं तर त्या वेळी कोपऱ्यात राहू नका. सिनिअर सिस्टरबरोबर देहाच्या काळजीला हात लावा. पहिल्या परिच्छेदातल्या त्या रुक्ष पायऱ्या या वेळी आधार देतात, कारण त्यात निरोप घ्यायला एक रीत मिळते. पेशंटचं नाव घेऊन, ‘काका, अंग पुसतोय’ असं म्हणून काम करणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. त्यात काही चमत्कारिक नाही.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टेल्स या परिचारकानं अशा वेळी मिनिटभर सगळ्यांनी स्तब्ध उभं राहण्याची रीत सुरू केली. मृताचा मान म्हणून, आणि धडपड करणाऱ्यांच्या हातांचा मान म्हणून. ती आता अनेक देशांतल्या रुग्णालयांत पोचली आहे. आपल्या भरलेल्या वॉर्डात मिनिट मिळणार नाही, पण दहा सेकंद मिळतात.

रडू आलं तर? नातेवाइकांसमोर डोळे पाणावले म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. अनेकांना ते बरंच वाटतं. फक्त आपल्याला सावरायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. ब्रदर म्हणून शिकणाऱ्या मुलांना ‘पुरुषासारखा पुरुष तू’ हे वर ऐकावं लागतं. त्यांनी ते एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यावं.

संध्याकाळी कँटीनमध्ये चहा पिताना तीच मुलं कशावरून तरी खदखदून हसतात आणि मग अपराधी वाटून घेतात. नको. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक स्खुट या संशोधकांनी १९९९ मध्ये असं मांडलं की निरोगी शोक हेलकावे घेत चालतो: थोडा वेळ दुःखाकडे, थोडा वेळ रोजच्या जगण्याकडे. हसणं त्यातलाच एक हेलकावा.

आणि घडल्या घडल्या सगळ्यांना बसवून ‘बोला, काय वाटलं, सगळं सांगा’ असं करावं का? बरीच वर्षं तसं करण्याची पद्धत होती. पण या एकाच बैठकीच्या सक्तीच्या चर्चेवरच्या प्रयोगांचा कॉक्रेन संस्थेनं २००२ मध्ये आढावा घेतला, तेव्हा तिचा उपयोग दिसला नाही, काहींना उलट जास्त त्रास झालेला दिसला. ज्याला बोलायचंय त्याला ऐकून घ्यावं, ज्याला नाही त्याला जेवायला न्यावं, एकटं सोडू नये, झोपू द्यावं.

बोलण्यावर एक बंधनही आहे. पेशंटची गोष्ट आपली नसते. तालुक्याच्या गावात नुसतं नाव गाळून भागत नाही. ‘अमुक गावची, दोन मुलांची आई, काल जळून आली’ एवढ्यावर ओळख पटते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडिताची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि अल्पवयीनांच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम २३ त्यावर आणखी बंधनं घालतं. त्याच कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळाली तर कळवणं बंधनकारक आहे, म्हणून मुलानं काही सांगितलं तर ते पोटात ठेवायचं नाही, लगेच ट्यूटर आणि इन्चार्जपर्यंत न्यायचं. होस्टेलवर किंवा घरी बोलताना गोष्ट स्वतःची सांगा: ‘आज मला हात थरथरल्यासारखं झालं.’ बहुतेक वेळा मन हलकं व्हायला तेवढंच लागतं.

रडू येत नाही, राग येतो तेव्हा

सगळा त्रास दुःखाचा नसतो. पैसे नाहीत म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून पेशंटला घरी नेतात, ज्याला वॉर्डाच्या भाषेत ‘डामा’ म्हणतात. कळा देणाऱ्या बाईवर कुणी खेकसतं, क्वचित मांडीवर चापट मारतं. शिकाऊ मुलगी बघत राहते, कारण सहीचं रजिस्टर त्याच सिस्टरच्या हातात असतं. योग्य काय ते कळतंय पण करता येत नाही, या कोंडीला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात नाव दिलं. मराठीत तिला नैतिक घुसमट म्हणू. तिच्यात शरम असते आणि राग असतो. तिच्यावर ध्यानधारणेचा उतारा देणं मला पटत नाही, कारण इथे बिघाड मुलीच्या मनात नसून समोरच्या वागण्यात असतो.

मग काय करायचं? विद्यार्थ्याच्या हातात थोडं असतं, पण काहीच नसतं असं नाही. त्या बाईजवळ उभं राहता येतं, हात धरता येतो. ट्यूटरला नाव न घेता विचारता येतं, ‘अशा वेळी आम्ही काय करायचं?’ केंद्र सरकारचा २०१७ च्या अखेरीस सुरू झालेला ‘लक्ष्य’ कार्यक्रम प्रसूतिकक्षात बाईशी सन्मानानं वागण्याची अपेक्षा ठेवतो. आपल्या रुग्णालयात त्याचा बोर्ड लागलेला असेल तर त्यावर काय लिहिलंय ते वाचून ठेवा. आणि मी सिस्टर होईन तेव्हा हे करणार नाही, हे वहीत लिहून ठेवा, तारखेसह. पाच वर्षांनी कामाच्या रेट्यात आपलाही हात उठू शकतो, तेव्हा ते पान उपयोगी पडतं.

मदत कधी मागायची

काही दिवस झोप उडणं, तोच चेहरा डोळ्यांपुढे येणं, जेवण न जाणं हे होणारच. पण महिना होऊन गेला तरी तेच प्रसंग स्वप्नात येत असतील, त्या वॉर्डाच्या जिन्यावरच छाती धडधडत असेल, सगळ्यांपासून तुटल्यासारखं वाटत असेल, झोपेसाठी गोळ्या किंवा दारू लागत असेल, तर ते आपोआप जाईल म्हणून थांबू नका. कामाच्या निमित्तानं दुसऱ्यांच्या भीषण अनुभवांचे तपशील वारंवार समोर येणं हे आघाताचं कारण ठरू शकतं, असं मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीतही २०१३ पासून नोंदलेलं आहे. आणि जगणं नको असा विचार आला, तर महिना सोडा, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. स्वतःच्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जायला संकोच वाटतो. उद्या तिथेच पोस्टिंग असते आणि ओळखीचे डोळे भेटतात. अशा वेळी फोन सोपा, किंवा गावातलं दुसरं रुग्णालय. तसंही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, आणि नर्सिंगचा विद्यार्थी पेशंट झाला म्हणून तो कमी होत नाही.

कॉलेजचं काम

एवढं सगळं मुलांवर टाकून मोकळं होणं बरोबर नाही. ड्यूटी संपल्यावरच्या चर्चेत ट्यूटर साधारण केअर प्लॅन आणि हजेरी बघतात. त्यातली दहा मिनिटं ‘आज काय जड गेलं?’ या प्रश्नाला दिली आणि पहिलं उत्तर ट्यूटरनंच दिलं, तर मुलांची तोंडं उघडतात. जळीत किंवा कॅन्सर वॉर्डात पहिल्या वर्षाच्या मुलांना एकटं पाठवू नये. लेबर रूमपाठोपाठ लगेच नवजात अतिदक्षता विभाग लावताना एकदा रोटेशनचा तक्ता पाहावा. याला पैसे लागत नाहीत.

बॉस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील होते. चाळिशीतच फुप्फुसाच्या कर्करोगानं १९९५ मध्ये ते गेले. आजारपणात शुश्रूषा करणाऱ्यांच्या छोट्या छोट्या मायेनं आपल्याला कसं तारलं हे त्यांनी लिहून ठेवलं, आणि त्यांच्या नावानं निघालेल्या संस्थेनं रुग्णालयांत एक बैठक सुरू केली. तासभराची. तीन-चार जण एखाद्या पेशंटबद्दल आपल्याला काय वाटलं ते सांगतात, बाकीचे ऐकतात. उपचार बरोबर की चूक याची चर्चा तिथे करायची नाही, तोडगे काढायचे नाहीत. डॉक्टरांपासून सफाई करणाऱ्यांपर्यंत कुणीही येऊ शकतं. अमेरिकेतून हे ब्रिटनमध्ये गेलं.

आपल्याकडे एखाद्या कॉलेजानं असं काही सुरू केलं तर वॉर्डातल्या मावशींना आणि वॉर्डबॉयना आवर्जून बोलवावं. देह उचलायला हात लावणारे आणि नातेवाइकांचा पहिला हंबरडा ऐकणारे बहुतेक वेळा तेच असतात. आणि त्यांना यातला कुठलाच धडा कुणी शिकवलेला नसतो.